एका चेंडूचं पदक

१

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. हवं तर आईच्या कबरीची शपथ घेतो. त्या सप्टेंबरातल्या सकाळी मी स्वतः आर्डनाकोरच्या गोल्फ मैदानात, सातव्या हिरवळीवर, हेक्टरपासून हातभर अंतरावर उभा होतो.

म्हणजे, उभा होतो असं नाही. मी क्लबाच्या खोलीत किटली उकळायची वाट बघत होतो, आणि तिथून पहिली हिरवळसुद्धा धड दिसत नाही. आईही माझी ठणठणीत आहे, आत्ता शेजारच्या खोलीत माझ्याच नावाने ओरडते आहे. पण गोष्ट खरी.

हेक्टर मकाय हा आमच्या भागातला गुरांचा डॉक्टर. आता निवृत्त. आयुष्यभर त्याने अडलेल्या गायींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले, मेंढ्यांच्या खुरांतला पू पिळून काढला, फुगलेल्या बैलांच्या पोटात सुई खुपसून आतला वारा तोंडावर घेतला. आणि मग त्याच हातांनी (धुतलेल्या, पण त्याच) शेतकऱ्याच्या टेबलाशी बसून रक्ताचं सॉसेज खाल्लं, वर आणखी मागितलं. या माणसाला किळस म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं सगळे म्हणत.

ठाऊक होतं. एकाच गोष्टीची किळस होती त्याला. डूगी चेंडू चाटायचा.

२

डूगी सदरलंड पोस्टाची गाडी चालवायचा. दर गुरुवारी तो आणि हेक्टर गोल्फ खेळायचे. वारा असो, गारा असो, कुणाचं लग्न असो. डूगीचा चेंडू हिरवळीवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, येऊन थांबला की गडी जागेवर खूण ठेवून तो उचलणार, दोन बोटांत धरणार, आणि आइस्क्रीमच्या गोळ्यासारखा सगळ्या बाजूंनी सावकाश चाटून स्वच्छ करणार. मग पँटला पुसून खाली ठेवणार. आमच्या मैदानावर मेंढ्या मोकळ्या चरतात. नुसत्या चरत नाहीत.

"अरे माणसा, लेंडी आहे त्यावर!"

"असेना. आत गवतच आहे ना? तिने चावून ठेवलंय, माझे दात वाचले."

"यकृतात किडे होतील. मी कापून बघितलेत. पानासारखे चपटे असतात, वळवळतात."

"मग तू काढ की. गुरांचा का होईना, डॉक्टरच ना तू?"

आणि मुद्दाम, हेक्टरच्या डोळ्याला डोळा भिडवून, आणखी एकदा. डूगीची जीभ लांब होती. रुंद, फिकट, आणि मधोमध एक खोल चीर गेलेली, वाळलेल्या चिखलाला जाते तशी. हेक्टर समुद्राकडे तोंड फिरवायचा. एवढा घट्ट मित्र, पण कधी त्याच्या बाटलीतून घोट घेतला नाही की त्याने मोडून दिलेलं बिस्किट खाल्लं नाही. डूगीला ते कळायचं. तो हसायचा, पण जरा उशिरा हसायचा.

दोघांमध्ये आणखी एक गोष्ट होती ती म्हणजे पदक. आमच्याकडे सप्टेंबरात म्हाताऱ्यांची एक स्पर्धा असते, नऊ होलांची. सुरुवातीला प्रत्येकाच्या चेंडूवर लाल ठिपका लावतात. त्या एकाच चेंडूने शेवटपर्यंत खेळायचं. चेंडू झुडपात हरवला, ओढ्यात गेला, की काठ्या उचलून घरी. त्याला दुसऱ्या कुणी हात लावला तरी बाद. शेवटी ठिपका दाखवायचा, मगच खेळ धरला जातो. डूगीने ते पदक इतक्यांदा जिंकलं होतं की त्याच्या बायकोने, एफीने, एक पदक कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं होतं. हेक्टरला ते एकदाही मिळालं नव्हतं. मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, क्लबाच्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत आपलं नाव बघायचं, एवढीच त्याची इच्छा. आणि त्या सप्टेंबरानंतरच्या हिवाळ्यात दोन्ही गुडघे बदलायचे होते. त्याच्या मनाने घेतलं होतं की हा आपला शेवटचा हंगाम.

३

डूगी त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला. हृदयाने. जिभेचा त्यात काही दोष नव्हता.

राख सातव्या हिरवळीवर टाकायची असं तो सांगून गेला होता. कारण त्या हिरवळीवर त्याने एकदा पहिल्याच टोल्यात चेंडू भोकात घातला होता, आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं. आता सगळे जमतील, असं त्याचं म्हणणं.

जमलो. एफीने डबा तिरका केला आणि समुद्रावरून वारा आला. डूगी सरळ आमच्या तोंडावर. भुवयांत, केसांत, पाद्रीबाबांच्या चष्म्यावर. हेक्टर नेमका काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडत होता.

त्याची वरची कवळी आहे. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये एक कण गेला. खरबरीत, चवीला खडूसारखा. विधवेसमोर थुंकता येईना. तोंडात बोट घालता येईना. त्याने गिळायचा प्रयत्न केला. कण जागचा हलला नाही. कुणीतरी व्हिस्कीची बाटली पुढे केली, त्याने घोट घेतला, आणि मग तो कण गेला, आत.

"एफी, गवतावर नको ओतूस," शोना म्हणाली. शोना आमच्या हिरवळी राखते. गवत कापणं, भोकं पाडणं सगळं तिच्याकडे. "राखेने गवत जळतं. पुढच्या वर्षापर्यंत टक्कल राहील."

"मग काय करू? परत घरी नेऊ? कपाटात जागा नाही."

"भोकात ओत. तिथे वाराही नाही."

एफी गुडघ्यावर बसली आणि तिने उरलेला डूगी सातव्या होलाच्या भोकात ओतला. वर थोडी व्हिस्की. झेंड्याची काठी परत खोचली तेव्हा आतून कर्र असा आवाज आला. ओल्या साखरेवर चमचा फिरवल्यासारखा.

४

खेळणाऱ्या माणसाला जगातला सर्वांत गोड आवाज कोणता विचारा. चेंडू भोकात पडल्यावर तळाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात वाजतो, तो खडखडाट.

वसंतात मैदान खुलं झाल्यावर पहिल्याच गुरुवारी हेक्टरने सातव्यावर छान लांबचा चेंडू भोकात घातला. आणि आवाज आला नाही.

म्हणजे आला. चिखलात बटाटा पडावा तसा. मऊ.

पाणी साचलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. वाकून हात आत घातला. चेंडू हाताला लागला तो ओला, आणि गरम. उन्हात तापल्यासारखा गरम नव्हे. ऊन तर नव्हतंच. त्याने चेंडू बाहेर काढला. पांढराशुभ्र. एवढा चिखल तुडवून आलेला चेंडू, आणि त्याच्या बारीक खळग्यांतही मातीचा कण नाही. बोटांपासून भोकाच्या काठापर्यंत एक पातळ तार लोंबली, लांबली, तुटली.

हेक्टरने बोटं नाकाशी नेली. सवयच त्याची, हजारो तोंडं उघडून बघितलेला माणूस. वास घ्यायचा आणि सांगायचं, दात किडलाय की पोट बिघडलंय.

वास व्हिस्कीचा होता. शिळ्या तोंडातल्या व्हिस्कीचा.

५

आता हेक्टर म्हणजे भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही. त्याने विचार केला. दव? दव गरम नसतं. गोगलगायी? तार गोगलगायीची असू शकते, पण गोगलगाय चेंडू धुऊन देत नाही. मेंढी? प्रत्येक हिरवळीभोवती विजेची तार आहे, मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून. शिवाय मेंढीची जीभ खरबरीत, तिचे ओरखडे राहतात. हे काम गुळगुळीत होतं.

त्याने शोनाला गाठलं. ती दर आठवड्याला भोकाची जागा बदलते; नवीन भोक पाडायचं आणि त्यातून निघालेला मातीचा गोळा जुन्या भोकात ठोकून बसवायचा. नाहीतर एकाच जागी पाय पडून गवत मरतं.

"सातव्यात पाणी साचतंय का गं?"

"कोरडं ठणठणीत आहे, डॉक्टर. आत्ताच डबा काढून पुसलाय."

"आणि डूगी कुठे आहे?"

"म्हणजे राख? ती जुन्या भोकात, मातीखाली. ते बघा तिथे, तो गोल जरा गडद दिसतोय ना. आजचं भोक या टोकाला आहे. का हो?"

"काही नाही. असंच."

हेक्टरला हायसं वाटलं. दुपारी तो खेळायला गेला. भोक हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला, ताजं, कडा धारदार. चेंडू आत गेला. मऊ पडला. ओला निघाला, गरम निघाला, स्वच्छ निघाला.

म्हणजे जे काही होतं, ते राखेपाशी नव्हतं. मग ते कुणाबरोबर फिरत होतं? खेळता खेळता त्याची जीभ आपोआप वर गेली आणि कवळीच्या कडेला, जिथे तो कण बसला होता तिथे, चाचपू लागली.

त्यानंतर हेक्टरने पुटरच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू ढकलायच्या काठीच्या, मुठीला रबराची वाटी बसवली. म्हातारे बसवतात, वाकावं लागत नाही, काठी उलटी करून भोकात घालायची, वाटी चेंडूला चिकटते, चक असा आवाज होतो, चेंडू वर. गुडघ्यांसाठी घेतली, तो म्हणाला.

६

डूगीच्या जागी आता गुरुवारी एफी खेळायची. बाई खेळायला तिखट आणि बोलायला त्याहून.

आपसातल्या खेळात एक रीत आहे. समोरच्याचा चेंडू भोकाच्या अगदी जवळ आला की आपण "दिला!" म्हणायचं, मग तो आत घालावा लागत नाही, नुसता उचलायचा. हेक्टर सातव्यावर आला की चेंडू कसाबसा भोकाजवळ ढकलायचा आणि आशेने एफीकडे बघायचा.

"एवढ्या लांबून देऊ? मी काय देवळातली दानपेटी आहे?"

"गुडघा दुखतोय गं."

"गुडघ्याने मारतोस का चेंडू? बरं, दिला. घे मेल्या."

ती स्वतः मात्र आत घालायची. मग ओणवी होऊन भोकात हात घालायची, रबराची वाटी वगैरे काही नाही. आणि हात लगेच बाहेर काढायची नाही. कोकराला बाटली धरावी तशी, मान जरा कलती करून, थांबायची. हेक्टरला तिचं मनगट दिसायचं. ते किंचित हलायचं. आपण हलवल्यासारखं नाही. कुणी ओढल्यासारखं.

"हात गरम होतो," एकदा ती म्हणाली, बोटं स्वेटरला पुसत. बोटांची टोकं पांढरी पडली होती, सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

हेक्टर झुडपात गेला आणि सकाळची लापशी बाहेर पडली.

घरी इसोबेलने, त्याच्या बायकोने, गाईची जीभ केली होती. उकडून, दाबून, गार करून पातळ कापलेली. त्याची आवडती. बशी समोर आली तसा तो एका कापाकडे बघत बसला. फिकट गुलाबी, कडेला बारीक काटे.

"मोहरी देऊ?"

"नको."

"अरे, काय झालंय तुला? वाळलास किती. तोंड उघड बघू, कवळी टोचते का?" तिने त्याची हनुवटी धरली, खिडकीकडे वळवली. मग तिचा हात सैल पडला. "हेक्टर, तू काय खाल्लंस?"

"काही नाही. का?"

"जीभ हिरवी आहे तुझी. गवत खाल्ल्यासारखी."

त्याने न्हाणीघरात जाऊन दार लावलं, कवळी काढली, जीभ ब्रशने रक्त येईपर्यंत घासली. आरशात मात्र बघितलं नाही. मधोमध चीर आहे की काय, हे त्याला जाणून घ्यायचं नव्हतं.

७

पदकाच्या दिवशी वारा नव्हता. आमच्याकडे वारा नसला की लोक काळजीने आभाळाकडे बघतात.

शोनाने सगळ्यांच्या चेंडूंवर लाल ठिपके लावले. हेक्टर एफीच्या जोडीला. आणि सांगतो तुम्हाला, गडी त्या दिवशी देवासारखा खेळला. तिसऱ्यावर इतरांचे चेंडू ओढ्याने गिळले, पाचव्यावर काट्यांनी. सहावा संपला तेव्हा शर्यतीत खरा असा तो एकटाच उरला होता. सातवा, मग दोन सोपे. फळी, सोनेरी अक्षरं.

सातव्या हिरवळीवर चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने सवयीने एफीकडे बघितलं.

"पदकात काही द्यायचं नसतं," ती म्हणाली. "आत घाल."

त्याने घातला. मऊ आवाज.

"एफी, तू काढ."

"मी हात लावला तर तू बाद. नियम काय मी शिकवायचे तुला?"

त्याने काठी उलटी केली आणि रबराची वाटी भोकात सोडली. चक. ओढली. येईना. आणखी ओढली. आणि मग खालून कुणीतरी ओढली. झटका नाही, हिसका नाही. हळू, ओलसर, एका लयीत, पुन्हा पुन्हा. ती ओढ हेक्टर ओळखत होता. नवजात वासराच्या तोंडात दोन बोटं दिली की ते असंच चोखतं. फक्त वासराला दात फुटत असतात, बोटांना टोचतात. इथे काठीला टोचत काही नव्हतं.

त्याने दोन्ही पाय रोवले, गुडघे कर्रकन वाजले, आणि तो मागे झुकला. काठी वर आली. वाटी वर आली. वाटीला चिकटलेला चेंडू वर आला, आणि चेंडूला खालून कवेत घेतलेलं, त्याच्याबरोबर ताणत भोकाच्या काठापर्यंत आलेलं काहीतरी. फिकट, रुंद, मधोमध चिरलेलं. त्याने काठावरचं गवत एकदा सावकाश पुसलं. मग चेंडू सोडला आणि ते आत गेलं. घाई नव्हती त्याला.

हेक्टरने खाली बघितलं. पांढरा प्लास्टिकचा डबा. रिकामा, कोरडा. तळाशी झेंड्याच्या काठीचं छिद्र.

चेंडू या वेळी स्वच्छ नव्हता. त्याच्यावर राखाडी लगद्याचा थर होता, खरबरीत, जाड. ठिपका कुठे दिसेना. हेक्टरने टॉवेलने पुसला; लगदा फक्त पसरला. ओल्या गवतावर घासला. गवताला काही लागलं नाही. नखाने खरवडला, तर नखाखालून खडूची ती चव थेट कवळीखाली आली.

"टॉवेलने नाही निघायचं ते," एफी म्हणाली. तिच्या आवाजात तिखटपणा नव्हता. "उन्हाळाभर त्याने तुझा चेंडू साफ केला, हेक्टर. आयुष्यभर तू त्याच्या हातचं बिस्किट खाल्लं नाहीस. त्याला सगळं कळायचं. घरी येऊन सांगायचा मला. हसत सांगायचा, पण सांगायचा."

"एफी, हे घाण आहे."

"डूगी आहे."

मागच्या बाजूने, कुंपणापलीकडून, मेंढ्यांचं रवंथ ऐकू येत होतं. हेक्टरने चेंडू तोंडाजवळ नेला. व्हिस्कीचा वास आला. त्याने तोंड उघडलं, कवळी सुटून जिभेवर लोळली.

त्याने चेंडू होती नव्हती तेवढी ताकद लावून समुद्रात फेकला, काठ्या तिथेच टाकल्या आणि तो घरी चालत गेला. फिनेलच्या साबणाने हात धुतले, इसोबेलने दिलेला चहा प्यायला, आणि पुन्हा कधी मैदानाकडे फिरकला नाही.

८

आता खरं सांगतो. भोक, राख, चोखणं, गाईची जीभ, एफीची पांढरी बोटं, यातलं मी काहीच रचलेलं नाही. मी रचलं ते फक्त शेवटचं. चेंडू समुद्रात फेकला आणि तो घरी गेला, तेवढं.

कधी इकडे आलात तर क्लबाच्या खोलीत या, चहा मीच देईन. किटलीच्या वर लाकडी फळी आहे. त्या वर्षासमोर सोनेरी अक्षरांत हेक्टरचं नाव आहे. ठिपका शोनाने स्वतः तपासला. असा लखलखीत चेंडू तिने आयुष्यात बघितला नव्हता, म्हणाली.

त्याने गुडघे काही बदलले नाहीत. दर गुरुवारी खेळतो. रबराची वाटी काढून टाकली. इसोबेलने त्याचा कप वेगळा ठेवलाय आणि स्वतःची खोलीही. सातव्या हिरवळीवर आधी एफी ओणवी होते, मग तो. तेवढा वेळ आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहतो.